आपण सारे प्रवासी, पण हे कोणी कोणाला म्हणायचे?

आपल्या साप्ताहिक सत्संगात एक वाक्य इतक्या वेळा येते की ते कानावर पडताच मान आपोआप हलते. हे जग म्हणजे प्रवास, आपण सारे प्रवासी, आजची जागा उद्या आपली नाही, तेव्हा तिच्यात गुंतू नका. वाक्य खोटे नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात त्याचा अनुवाद केल्यानंतर ते माझ्या मनात रुतून बसले. का, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

मूळ हिंदी लेखात एवढेच होते: हम सब यात्री हैं. हिंदीतल्या ‘हम’ला मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीत लिहिणाऱ्याला हा निर्णय घ्यावा लागत नाही, अनुवाद करणाऱ्याला घ्यावा लागतो. मी सवयीने ‘आपण’ लिहिले, फाइल बंद केली आणि दुसऱ्या रात्री रायपूर स्टेशनवर हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले.

माझी खालची बर्थ होती. दोन महिने आधी, मुद्दाम मागून घेतलेली. समोर सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई आणि त्यांचा नातू. दोघांनाही वरच्याच जागा मिळाल्या होत्या. बाईंचे गुडघे सुजलेले दिसत होते. नातवाने विचारले, “दीदी, आप ऊपर चली जाएँगी?” मी नाही म्हटले. उद्धटपणे नव्हे, समजावून सांगितले. माझा प्रवास लांबचा आहे, मी आधीपासून ही जागा मागितली होती, आणि वरच्या बर्थवर मला झोप येत नाही. नियमही माझ्या बाजूचा होता. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ, आणि त्या वेळेत बर्थ ज्याची त्याची. बाई काही बोलल्या नाहीत. पायांशी थोडी जागा होती, तिथे बसू का, एवढे त्यांनी हातानेच विचारले. मी पाय आखडून घेतले आणि डोळे मिटले. झोप लागली नव्हती, लागल्याचे दाखवत होते.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात की भाडेकराराने घेतलेल्या वस्तूवर मालकी नसते, ठरलेल्या मुदतीपुरता वापराचा हक्क असतो. आताच्या लेखा मानकांनुसार मोठ्या कंपन्या हा हक्क ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला त्यापोटी येणारे देणेही दाखवावे लागते. त्या रात्री मी पहिली बाजू अगदी चोख लिहिली होती.

गोंदियाला जाग आली तेव्हा बाई तशाच बसलेल्या होत्या. मी उठून बसले, त्यांना पाय वर घ्यायला लावले. नागपूर यायला अजून वेळ होता. गप्पा सुरू झाल्या. त्यांनी विचारले, “तुमचा देश कुठला?” मी म्हटले, भारत. त्या हसल्या. बंगालीत ‘देश’ म्हणजे मूळ गाव, हे मला तेव्हा कळले. खरे तर मराठीतही आपण कोकण आणि देश म्हणतो, म्हणजे हा शब्द आपल्याकडेही नेहमी सरहद्दीपुरता नसतो. त्यांचा देश खुलना जिल्ह्यात. आता राहणे मानाला, रायपूरच्या बाहेर. निघाल्या होत्या बहिणीकडे, गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याजवळ. “ती तुझ्यासारखं बोलते,” त्या म्हणाल्या. म्हणजे मराठी.

आपल्या रायपूरच्या मराठी मंडळींना माना म्हणजे विमानतळ. २०१२ पासून त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. पण १९६४ मध्ये माना या नावाचा अर्थ वेगळा होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, खुलना आणि ढाका भागांतून लाखो माणसे भारतात आली, आणि त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येला मानाच्या तात्पुरत्या छावणीत आणले गेले. तिथून दंडकारण्य प्रकल्पात बस्तर, मलकानगिरी अशा ठिकाणी त्यांचे पुनर्वसन व्हायचे होते. काही कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली. आज गडचिरोलीतल्या चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावे दिसतात ती त्यातली.

बाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. सरहद्द त्यांनी आगगाडीतूनच ओलांडली. आज नवल वाटेल, पण तेव्हा अशा गाड्या रोजच्या होत्या. फाळणी होऊन सतरा वर्षे झाली होती, तरी कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनवरून बरिसाल एक्सप्रेस खुलन्याला जात होती, ईस्ट बेंगॉल एक्सप्रेस गोआलंदोच्या घाटापर्यंत जात होती. पश्चिमेला राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधमधल्या खोखरापारला रूळ होते. दक्षिणेला रेल्वेने धनुष्कोडी गाठावे, बोटीने तलाइमन्नार आणि पुन्हा रेल्वेने कोलंबो. म्हणजे १९६४ मध्ये रायपूरचा माणूस मनात आणता तर रुळारुळाने तीन शेजारी मुलखांत जाऊ शकत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली, उभी गाडी प्रवाशांसह समुद्रात गेली. पुढच्या वर्षीच्या युद्धाने पूर्वेच्या आणि सिंधकडच्या गाड्या बंद पडल्या. नंतर काही परत आल्या: १९७६ मध्ये लाहोरकडची समझौता, २००६ मध्ये थार, २००८ मध्ये बंगाली नववर्षाच्या दिवशी कोलकाता ते ढाका मैत्री. पाकिस्तानकडच्या गाड्या २०१९ च्या ऑगस्टपासून थांबल्या, बांगलादेशाकडच्या २०२४ च्या जुलैत. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळात जाणारी गाडी मात्र २०२२ मध्ये नव्याने धावू लागली. नावे बघा, मैत्री, समझौता. गाडीला असे नाव द्यावे लागते तेव्हा ती गोष्ट किती नाजूक असते ते कळते. आपल्या हावडा मेलला कोणी ‘सलोखा’ म्हणत नाही.

बाईंना मात्र गाडीचे नाव आठवत नव्हते. आठवत होते ते हे की सियालदहनंतरच्या दुसऱ्या गाडीत कोणी सांगतच नव्हते, कुठे चाललो आहोत. त्या नद्यांच्या मुलखातल्या. त्यांना वाटले, जिथे पाणी दिसेल तिथे गाडी थांबेल. ती थांबली मुरमाच्या माळावरच्या उन्हात.

इथे मी ते वाक्य बोलले. अगदी मनापासून, त्यांना बरे वाटावे म्हणून. म्हटले, “दादी, शेवटी आपण सगळे प्रवासीच ना.”

त्यांनी मला विचारले, “मुंबईला तुला घ्यायला कोण येणार?”

“मामा येणार.”

“आम्हाला ट्रक आला होता,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून डबा काढून मला मुरमुऱ्यांचा लाडू दिला.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मुद्दाम सांगते. असता तर मला सोपे गेले असते. मी प्रवासी होते, कारण माझ्या तिकिटाच्या दोन्ही टोकांना घर होते. त्यांच्या गाडीला एकच टोक होते, आणि तिथेही तंबू. दोघींना एकच शब्द लावून मी कोणते तत्त्वज्ञान सांगितले? जिच्याकडून जागा काढून घेतली गेली, तिला मी सांगत होते की जागेत जीव अडकवू नये. आणि हे सांगताना मी बसले होते माझ्या आरक्षित बर्थवर, जी चार तासांपूर्वी मला सोडवली नव्हती.

तुम्ही म्हणाल, पण वैराग्याचा उपदेश तर सर्वांसाठीच असतो. संन्यासीही घर सोडतो, त्याच्याकडेही एक झोळी आणि पत्ता नाही. खरे आहे. फलाटावर लांबून पाहिले तर संन्यासी आणि निर्वासित सारखेच दिसतील. पण एकाने दिले आहे आणि दुसऱ्याकडून घेतले गेले आहे. त्याग ही क्रिया करणाऱ्याचीच असू शकते. दुसऱ्याच्या वतीने त्याग करता येत नाही, जसे दुसऱ्याच्या वतीने उपवास करता येत नाही. मला वाटते, वैराग्याची सगळी वाक्ये स्वतःलाच उद्देशून बोलायची असतात. तीच वाक्ये समोरच्याला, विशेषतः आपल्यापेक्षा कमी असलेल्याला ऐकवली, की शब्द तेच राहतात आणि आतले काहीतरी बिघडते.

स्वामी विवेकानंदांच्या चरित्रात गाझीपूरजवळच्या तारीघाट स्टेशनवरचा प्रसंग आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. स्वामीजी परिव्राजक म्हणून हिंडत होते, उन्हाळ्याचे दिवस, जवळ पैसा नाही, पोटात अन्न नाही. बरोबरचा एक व्यापारी प्रवासी त्यांच्यासमोर बसून खात होता आणि ऐकवत होता की, बघा, मी कमावतो म्हणून खातो, तुम्ही सोडले म्हणून भोगा. तेवढ्यात एक अनोळखी हलवाई, रामाने स्वप्नात सांगितले म्हणून, त्यांच्यासाठी जेवण आणि पाणी घेऊन आला. हा प्रसंग मी नेहमी चमत्कार म्हणून वाचत आले. आता वाटते, त्यात दोन सहप्रवासी आहेत. एक ज्ञान सांगतो, दुसरा पाण्याचा लोटा पुढे करतो. आणि खरोखर वैराग्य असलेला तिसरा माणूस त्या प्रसंगात उपदेश करताना दिसत नाही.

दुसरे उदाहरण अध्यात्माच्या क्षेत्रातले नाही, पण मला ते इथलेच वाटते. ही जी हावडा-मुंबई लाइन रायपूरवरून जाते, तिच्यावर २६ डिसेंबर १९७७ ला गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. त्या गाडीत पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. रेल्वेमंत्री होते आपले मधु दंडवते, अहमदनगरचे, राजापूरचे खासदार. त्यांच्याच काळात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. त्याआधी लोक उघड्या फळीवर रात्र काढत. पहिल्या वर्गातून जाणाऱ्याला हे म्हणणे किती सोपे होते की प्रवास आहे, रात्रीचाच प्रश्न आहे, निभावून न्यावे! दंडवत्यांनी ती रात्र दुसऱ्याची म्हणून लहान मानली नाही. आज स्लीपरमध्ये पाठ टेकणारा प्रत्येक जण त्या दोन इंचांवर झोपतो, आणि त्या रात्री मीही झोपेचे सोंग घेऊन त्याच्यावरच पडले होते.

एक शंका मला अजून सुटलेली नाही, तीही मांडते. बाईंना जागा द्यायला हवी होती ती त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून, की त्यांची हकिकत ऐकल्यावर? हकिकत ऐकून मला लाज वाटली, हे खरे. पण त्या निर्वासित नसत्या, सुखवस्तू घरातल्या असत्या, तरी गुडघे तेच होते. अतिथी शब्दाचा अर्थच असा सांगतात की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही. त्याची कहाणी तपासून मग दार उघडायचे, असे त्यात नाही. म्हणजे मी दोनदा चुकले. आधी नियमाचा आधार घेतला, आणि नंतर मन हलले तेही कहाणी मोठी निघाली म्हणून.

आणि तरीही कहाणी ऐकायला हवीच, असेही वाटते. १९७८ मध्ये दंडकारण्यातली हजारो कुटुंबे उठून परत बंगालकडे निघाली, याच रुळांवरून. सरकारी कागदावर त्यांचे पुनर्वसन झालेले होते. जमीन मिळाली, घर मिळाले, आता आणखी काय हवे, असे तेव्हाही म्हटले गेले असणार. त्यातल्या अनेकांना वाटेत अडवून माघारी धाडले गेले. जे सुंदरबनात मरिचझापी बेटावर पोहोचले त्यांना पुढच्या वर्षी तिथून हाकलले गेले, त्यात माणसे मेली. बाईंचे थोरले काका त्या वेळी निघाले होते. “पाणी बघायला गेले,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मी पुढे विचारले नाही.

नागपूर आले. नातवाने सामान घेतले, मी त्यांचा हात धरून खाली उतरवले. उतरल्यावर त्यांनी मला खिडकीतून सांगितले की आता नीट झोप, मुंबई लांब आहे. मी झोपले नाही, पण ते काही पुण्याचे काम नव्हे, उजाडलेच होते.

परतीच्या प्रवासात मला वरची बर्थ मिळाली. झोप उत्तम लागली. म्हणजे त्या रात्री दिलेल्या तीन कारणांपैकी एक तर खोटेच होते.

रायपूरला आल्यावर फाइल पुन्हा उघडली. ‘आपण सारे प्रवासी’ खोडले आणि लिहिले, ‘आम्ही, ज्यांची बर्थ पक्की आहे ते, प्रवासी आहोत’. अनुवाद तपासणाऱ्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, मुळात बर्थ कुठे आहे? बरोबरच होते त्यांचे. मूळ लेखकाच्या वाक्यात आपला अनुभव घुसवणे हा अनुवाद नव्हे. ‘आपण’ परत आला, लेख तसाच प्रसिद्ध झाला. मग मी त्यांना त्या रात्रीची हकिकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, हे त्या लेखात नको, वेगळे लिही.