रिकामी ओटी आणि प्रारब्ध

प्रारब्ध या शब्दाइतका आपल्या लोकांत सैल हाताने वापरला जाणारा दुसरा शब्द क्वचितच सापडेल. बैल दगावला, प्रारब्ध. पाऊस हुकला, प्रारब्ध. आणि एखाद्या बाईची कूस उजवली नाही, राहिलेला गर्भ पडला, किंवा तिची पिशवीच काढून टाकावी लागली, तर शेजारीण उंबऱ्यावर बसून एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होते : "काय करावं बाई, मागल्या जन्मीचं काहीतरी असंल." बोलणारी घरी जाऊन भाकरी थापावयास बसते, पण ज्या बाईने ते ऐकले तिच्या काळजात ते बाभळीच्या काट्यासारखे मोडून राहते. तेव्हा वारकरी सज्जनहो, आज एवढाच विचार करावयाचा आहे, की दुसऱ्याच्या दुःखाला असे नाव ठेवण्याचा अधिकार शास्त्राने आपणांस दिला आहे काय?

कर्माचे तीन भेद आपण नित्य ऐकतो. साठलेले ते संचित, त्यातून भोगास आलेले ते प्रारब्ध, आणि आज आपल्या हातून घडते आहे ते क्रियमाण. यांपैकी संचित आपणांस दिसत नाही. प्रारब्ध भोगल्यावर कळते, तेही ज्याचे त्यालाच. आपल्या ताब्यात आहे ते फक्त क्रियमाण. आता चोराने दुसऱ्याचे घर फोडले आणि पंचांपुढे तो म्हणाला, "त्याच्या प्रारब्धात नुकसान होते, मी निमित्तमात्र", तर पंच त्याला सोडतील काय? घरधन्याचे प्रारब्ध काय असेल ते असो, चोरी हे चोराचे क्रियमाण आहे आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. कर्मसिद्धांत हा आरसा आहे. तो आपल्या तोंडापुढे धरावयाचा असतो. दुसऱ्याच्या तोंडावर फेकून मारला तर त्याच्या काचा होतात, आणि रक्त निघते.

कोणी म्हणेल, बुवा, हे दवाखान्याचे, बायकांचे विषय. हरिकथेच्या मासिकात कशाला? त्याला उत्तर भागवताच्या दशमस्कंधात आहे. ज्या कथेने आपण गोकुळअष्टमीला रात्र जागवतो, त्या कथेचा आरंभच एका आईच्या रिकाम्या झालेल्या ओटीने होतो. देवकीची सहा बाळे जन्मतःच मारली गेली. सातवा गर्भ योगमायेने रोहिणीकडे नेला. पण मथुरेच्या लोकांना ते काय ठाऊक? त्यांनी देवकीचा गर्भ पडला असेच धरले आणि हळहळ केली. सात वेळा जिची ओटी अशी रिकामी झाली तिला भागवताने अवलक्षणी म्हटले नाही, वांझ म्हटले नाही. देवाने आपल्या नावापुढे तिचे नाव लावून घेतले आणि तो देवकीनंदन झाला.

येथे एखादा बहुश्रुत श्रोता म्हणेल, त्या सहा बाळांचीही पूर्वजन्मीची कथा पुराणांत आहे. आहे, मान्य. पण ती कथा सांगून कोणत्या पुराणिकाने कंसाला निर्दोष ठरविले? बाळांचे प्रारब्ध बाळांपाशी, आणि कंसाचे पाप कंसापाशी. देवकीची कथा ऐकताना आपल्या सर्वांना हा भेद स्वच्छ कळतो. पारावरून उठून घरी आलो की आपल्याच सुनेच्या बाबतीत तो का कळू नये?

आमच्या शास्त्रकारांचा आणखी एक नियम आहे. कार्याचे दृष्ट कारण, म्हणजे डोळ्यांना दिसणारे कारण, मिळत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये. घागर गळत असेल तर आधी घागरीला भोक आहे का ते पाहावे. ग्रहदशा मागाहून पाहता येईल. हा नियम घेऊन आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहू.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेताचा, जमीन हलकी. दिवाळीच्या आगेमागे गावेच्या गावे ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. म्हणूनच ही माणसे आषाढीच्या दिंडीत आपल्याबरोबर टाळ कुटीत चालतात आणि कार्तिकीला मात्र फडात असतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंग मोडून फेडावयाची. पहाटे काळोखात उठून फडात जावयाचे. नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावयाचे काम बहुधा बाईकडे असते. राहावयास पालाची कोपी. आडोशाला जागा नाही, अंग धुवावयास पुरेसे पाणी नाही. दिवस गेलेले असोत की बाळंत होऊन महिना झालेला असो, कामावर गेले नाही तर 'खाडा' पडतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंडही कापला जातो. कित्येक जणींची लग्ने कोवळ्या वयात होतात, आणि विशीतच दोन-तीन बाळंतपणे उरकलेली असतात.

अशा जगण्यात अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, जंतूंची बाधा होणे, यांत नवल ते काय? यांतली पुष्कळ दुखणी औषधाने, स्वच्छतेने आणि विसाव्याने बरी होणारी असतात. पण विसावा घेतला तर खाडा पडतो. मग कोणी डॉक्टर सांगतो, "पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका." बाईला वाटते, पाळीही जाईल आणि कटकटही जाईल. ऑपरेशनाला पैसा पुन्हा उचलीचाच. म्हणजे पिशवी गेली, कर्ज वाढले, आणि कोयता काही सुटला नाही.

२०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून देशभर गेली. त्याच वर्षी सरकारने विधानपरिषदेत सांगितले, की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. विधानपरिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशात हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. आता मला सांगा, मागल्या जन्मी पाप केलेल्या साऱ्या बाया वेचून वेचून काय बीड जिल्ह्यातच जन्माला आल्या? आणि त्याही नेमक्या कोयत्याच्याच घरी? घागरीचे भोक येथे हाताला लागते आहे. तरीही जो प्रारब्ध म्हणतो, त्याला भोक बुजवावयाचे नाही एवढाच त्याचा अर्थ.

दुसरेही एक उदाहरण आपल्याच अंगणातले आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ भरल्या. २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला, आणि २०१९ साली न्यायालयाने त्या प्रकरणी एका डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जेथे ज्योतिर्लिंग वैजनाथ नांदतो तेथे हे घडावे! मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरते, ही गोष्ट आज शाळेतली पोरेसुद्धा जाणतात. तरी दोष बाईला, आणि वारंवार रिकामी केली जाते ती कूसही बाईचीच. या मुलींचेही प्रारब्धच होते, असे म्हणावयाची कोणाची छाती आहे?

प्रत्येक वेळी असा अपराधी सापडतोच असे मात्र नाही. चांगल्या खात्यापित्या घरी, काळजी घेऊनही गर्भ पडतो. वैद्यकशास्त्र सांगते, की दिवस गेल्याचे कळल्यानंतरही शंभरात दहा ते पंधरा गर्भ टिकत नाहीत; आणि सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास असे असतात, की ज्यांची घडणच बीजाच्या मीलनाच्या वेळी चुकलेली असते. कणसात सगळेच दाणे भरत नाहीत, हे शेतकऱ्याला काय सांगावे? त्या बाईने पपई खाल्ली म्हणून, ग्रहण पाहिले म्हणून, सासूला उलट बोलली म्हणून ते घडलेले नसते. मूल न होण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. आणि त्यात पुरुषाचा वाटा बाईपेक्षा फारसा कमी नसतो. तरीही नवस बाईने करावेत, उपास बाईने करावेत, अंगारे बाईने लावावेत, आणि नवऱ्याने साधी तपासणीही करू नये, उलट दुसऱ्या लग्नाची बोलणी लावावीत, हा कोणता धर्म?

आता 'वांझ' या शब्दाविषयी. मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणाला बोलवावयाचे नाही, बारशाला पाळण्याजवळ येऊ द्यावयाचे नाही, तिच्या हातून ओटी भरवावयाची नाही, ही चाल गळ्यात माळ असलेल्या घरांतूनही पाळली जाते. मी नम्रपणे विचारतो, की आपल्या संप्रदायात 'आई' कोणाला म्हणतात? मुक्ताबाईंचे लग्न झाले नाही, त्यांच्या मांडीवर मूल खेळले नाही, आणि आपण त्यांना मुक्ताई म्हणतो. आमच्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत राहिल्या, त्या आपल्या जनाई. ज्ञानोबाराय तर बालब्रह्मचारी पुरुष. त्यांना सारा महाराष्ट्र माउली म्हणतो. आणि विटेवर जो उभा आहे तो आपली विठाई. ज्या संप्रदायाने आईपण कुशीतून काढून अंतःकरणात नेऊन ठेवले, त्या संप्रदायाच्या माणसाने एखाद्या बाईला तिच्या कुशीवरून हिणवावे, हे माळेला शोभत नाही. मूल नसलेल्या बाईचा हात अशुभ म्हणणाऱ्याने आधी मुक्ताईच्या पालखीपुढे डोके ठेवणे थांबवावे. ते त्याच्याने होणार नाही. मग हेही सोडावे.

तर करावयाचे काय? अश्वत्थाम्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर आले तेव्हा ती धावत भगवंताकडे गेली. भगवंताने तिला तुझे प्रारब्ध भोग असे सांगितले नाही. तो गर्भ राखावयास स्वतः धावला. देव जर गर्भ राखतो, तर त्याच्या दासांनी निदान त्याच्या वाटेत उभे राहू नये.

मुकादमांपैकी कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांना माझे सांगणे आहे, की दिवस असलेल्या आणि ओल्या बाळंतिणीच्या खाड्याचा पैसा कापणे सोडून द्या. १९६१ सालच्या कायद्याने गर्भपात झालेल्या कामकरी स्त्रीलाही सहा आठवड्यांची भरपगारी रजा ठरवून दिली होती; ती फडापर्यंत कधी पोचली नाही, ती तुम्ही पोचवा. एकादशीच्या फराळापेक्षा त्याचे पुण्य थोर आहे. कारखान्याच्या संचालकांनी फडाजवळ पाणी आणि आडोसा करून द्यावा. गावोगावच्या सप्ताहांना देणगी देता, त्यातलीच ही एक समजा.

घरच्या माणसांनी पिशवी काढा म्हणणाऱ्या पहिल्याच डॉक्टरच्या शब्दावर सही करू नये. अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. तेथे दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. २०१९ नंतर आपल्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम झाला, तो याचसाठी. तरुण वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर अंडाशये गेली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते, म्हातारपण अकाली येते. ज्यांचे खरोखर काढावे लागते त्यांनी भिऊ नये. पण नको असता काढू नये. दिवस राहिल्याबरोबर गावच्या आशाताईकडे नाव घालावे आणि फडावर जाताना कागद बरोबर न्यावे. अवघडलेल्या बाईसाठी १०२ या क्रमांकावर गाडी फुकट येते, हे फडावरच्या प्रत्येकाला पाठ असावे.

जिचा गर्भ पडला तीही ओली बाळंतीणच आहे. तिला पाणी तापवून द्यावे, दूधतूप द्यावे, पंधरा दिवस जड उचलू देऊ नये. आणि तिला रडू द्यावे. ज्या बाळाचे तोंड पाहिले नाही त्याच्यासाठी काय रडायचे, असे म्हणू नये. तिने तोंड पाहिले नसेल, पण तिने ते वागविले होते.

राहिले आम्ही कीर्तनकार. आम्ही नारदाच्या गादीवरून 'पूर्वजन्मीचे पाप' हा शब्द उच्चारतो तेव्हा समोरच्या बायांत, खांबाआड डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसलेली कोणी एक असतेच. तिने उठताना आणखी एक ओझे घेऊन जावे, की जवळचे खाली ठेवून जावे, हे आमच्या जिभेवर आहे. येत्या अष्टमीला देवकीची कथा लावाल तेव्हा कंसाला कंस म्हणा, आणि देवकीला आई म्हणा. आणि पाळणा हलवावयाची वेळ आली, की दोरी अगोदर त्या खांबाआडच्या बाईच्या हाती द्या.

रामकृष्णहरि.