मापात पाप

खानदेशात कापूस पिकवणाऱ्या माणसाला ‘मापात पाप’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. घेताना एक माप आणि देताना दुसरे. कुराणातील ‘अल-मुतफ्फिफीन’ ही सूरा अशा माप मारणाऱ्यांच्या धिक्कारानेच सुरू होते. हा धिक्कार केवळ दुकानदारांसाठी आहे, असे समजून आपण निर्धास्त राहतो. पण पुढाऱ्यांच्या विचारांवर टीका करताना आपल्याही हातात तराजू असतो. तिथे आपण माप मारतो का, हा प्रश्न आम्ही स्वतःला आणि आमच्या वाचकांना विचारू इच्छितो.

13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती घेण्यासाठी मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गळाला, ‘आंतरधर्मीय’ तेवढा राहिला. रोख कुणाकडे होता, हे वेगळे सांगायला नको. आपण संतापलो आणि तो संताप रास्तच होता. सज्ञान मुलीला आपले हित कळत नाही, म्हणून सरकारने तिच्या संसारात डोकावावे, हा विचारच मुळात स्त्रीचा अपमान करणारा आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने दिलेला अधिकार कुणा मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, असे आपण ठणकावून सांगितले.

परंतु आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आंतरधर्मीय विवाहांविरुद्ध सूचना काढल्या होत्या. मुलामुलींच्या मोबाइलवर लक्ष ठेवा, असा सल्लाही त्यात पालकांना होता. तेव्हा आपल्यापैकी किती जण बोलले? ‘आमच्या मुली त्यांच्यापासून वाचवा’ असे तिकडचे म्हणतात आणि इकडचेही तेच म्हणतात. वाक्य एकच आहे, ‘आमच्या’ आणि ‘त्यांच्या’ या शब्दांचे मालक तेवढे बदलले आहेत. ज्या मुलीबद्दल हे सारे चालले आहे, तिला मात्र दोन्हीकडे कुणी विचारलेले नाही.

टीका पक्षपाती झाली की ऐकणेही अर्धवट होते. जळगावच्या प्रतिभाताई पाटील 2007 साली राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्या राजस्थानात म्हणाल्या की, पडद्याची प्रथा मोगलांपासून स्त्रियांचे रक्षण करण्यासाठी सुरू झाली. इतिहास म्हणून हे विधान टिकणारे नव्हते. आपल्या संघटनांनी हरकत घेतली, इतिहासकारांनीही घेतली. पण त्याच भाषणात, आता काळ बदलला आहे, ही प्रथाही बदलली पाहिजे, असेही त्या म्हणाल्या होत्या. मोगलांची बाजू घ्यायला आपण धावलो. पडद्याआडच्या बाईसाठी काढलेले उरलेले शब्द आपण कानाआड केले.

याच जळगावात 1982 साली मुस्लिम स्त्रियांनी सिनेमा पाहू नये, अशी बंदी जमातीच्या पुढाऱ्यांनी घातली. पुरुषांना बंदी नव्हती. म्हणजे प्रश्न सिनेमाच्या बरेवाईटपणाचा नव्हता, बाईने घराबाहेर पाऊल टाकण्याचा होता. रजिया पटेल या तरुण कार्यकर्तीने त्या बंदीविरुद्ध उघड लढा उभारला. पुढे ‘चाहूल’ या आत्मकथनात तिने आपला प्रवास मांडला. अशा वेळी नेहमी एकच सल्ला दिला जातो: घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नका, विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल.

हा सल्ला देणाऱ्यांची भीती खोटी नाही, हेही आम्ही मान्य करतो. मे 1970 च्या दंगलीत जळगावात 43 माणसे मेली, त्यांतली 42 मुसलमान होती. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. ज्या वस्तीने असे जनाजे उचलले, तिला आत्मपरीक्षणाचे धडे देणे सोपे आणि तिच्या जागी उभे राहणे अवघड असते. घाबरलेला समाज आधी घराची दारे लावून घेतो. पण दार लावले की आत कोंडली जाते ती मुलगीच. दंगलीत जीव जातो बाहेरच्यांच्या हातून, आणि भीतीची किंमत मात्र ती घरात बसून मोजते. हा कुठला इन्साफ?

कुणी म्हणेल, सरकार आणि जमात यांना एका पारड्यात कसे तोलता? आम्ही तसे तोलत नाही. सरकारच्या हाती पोलीस आहेत, कायदा आहे, तुरुंग आहे. जमातीच्या हाती फार तर बहिष्कार आहे. माप एक ठेवले म्हणजे दोन्हींचे वजन सारखेच भरेल, असे नव्हे. सत्तेचा अपराध जड भरेलच आणि तो जड आहे, असे आपण निर्भयपणे म्हटले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की माप बदलू नये.

त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. एखाद्या पुढाऱ्याचे विधान वाचून राग आला, की बोलणाऱ्याचे नाव झाकावे आणि त्या जागी आपल्या जवळच्या माणसाचे नाव ठेवून पाहावे. तरीही राग टिकला, तर तो तत्त्वाचा. निवळला, तर तो केवळ गटाचा होता.

उद्या धुळ्याची एखादी मुलगी जळगावच्या विद्यापीठात शिकायला निघेल. तिने काय घालावे, कुणाशी बोलावे, हे सांगणारे तिला वाटेत दोन्ही बाजूंना भेटतील. त्यांतल्या एकालाच आपण अडवले, तर ती आपल्याला आपला माणूस का म्हणेल?