गस्त

आबांच्या बायपासला साडेतीन महिने होऊन गेले, तरी न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर आबा अजून ओसरीवरच्या खाटेवरच होते. छातीची जखम भरली होती. ज्या पायातली शीर काढली त्याची सूजही उतरली होती. ऑपरेशन पुण्यात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. केशरी रेशनकार्ड, आरोग्यमित्राच्या टेबलापुढच्या खेपा, रक्तासाठी माणसं गोळा करणं, सगळं थोरल्या मुलानं केलं. घरी आणल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण चहा पिऊन आणि एक पथ्य सांगून गेला. जिना चढू नका. वाकू नका. विहिरीकडं फिरकू नका. हॉस्पिटलातून सोडताना सांगितलं होतं ते एवढंच, की छातीचं हाड कापून तारेनं बांधलंय, ते सांधायला दोन-तीन महिने लागतील, तोवर जड उचलू नका, खोकताना छातीशी उशी धरा आणि रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्या. घरच्यांनी उचलायचं नाही हे पक्कं धरलं आणि चालायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी दिवेलागणीला आबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बायको म्हणायची, "मन हळवं झालंय, दुसरं काय!" आणि पाहुणे आले की आबांना आत नेऊन बसवायची. बायपासनंतर पाचांतल्या साधारण एकाला अशी खोल उदासी घेरते. तिच्यावर उपचार आहेत, पण ती डॉक्टरांच्या कानावर गेली पाहिजे. पुरुषमाणूस रडतो ही आपल्याकडं घरात झाकून ठेवायची गोष्ट समजतात, याचा मला फार राग येतो. पायातली शीर काढून हृदयाला जोडायची ही शस्त्रक्रिया १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी रुळवली. त्याआधी बारा वर्षं ते अर्जेंटिनातल्या एका खेड्यात डॉक्टर होते. ओसरीवर खिळलेला असा माणूस त्यांना लगेच ओळखू आला असता, असं मला वाटतं.

फाल्गुनात दौंडहून व्याही आले. आबांची धाकटी लेक त्यांच्या घरात दिलेली. त्यांची सारी नोकरी रेल्वेत गेली, चावीवाला म्हणून. खांद्यावर हातोडा आणि चावी, हातात लाल-हिरवी झेंडी, आणि रोज आपल्या वाट्याच्या रुळावरून पायी फेरी. कुठली चावी ढिली झालीय, कुठं तडा गेलाय, ते बघत, ठोकत जायचं. त्यांचंही बायपास झालेलं, नऊ वर्षांपूर्वी.

चहा झाल्यावर ते आबांना म्हणाले, "पाव्हणं, पायात वहाणा घाला."

"कुठं?"

"दोन खांबापतुर."

आबांची बायको दारात आडवी आली. "अहो, त्यांना सोसवायचं नाही."

"विहीणबाई, डॉक्टरनी चालू नका म्हणून लिहून दिलंय का?" तसं कुणीच लिहून दिलं नव्हतं.

वस्तीपासून पाणंदीनं विजेचे खांब गेले होते. पहिल्या खांबाशी आबा थांबले, शर्टावरून छातीवर हात ठेवला. व्याह्यांनी घाई केली नाही. "दुखतंय का?" "न्हाय. भ्या वाटतं." "भ्या मलाबी वाटायचं. बोलत चला. चालता चालता बोलता येतंय तवर चाल बरोबर हाय. बोलणं तुटलं की हळू व्हायचं, आन् छातीत दाबल्यासारखं झालं की जागच्या जागी थांबायचं." दुसऱ्या खांबाला हात लावून दोघं परत फिरले. आठवड्यानं तीन खांब, मग चार. पुढच्या तपासणीला मुलानं डॉक्टरांना वडिलांच्या रडण्याचंही सांगितलं, व्याह्यांनी त्याला तसं बजावूनच ठेवलं होतं. उन्हाळी कांदा निघाला तेव्हा आबा कांदाचाळीच्या तोंडाशी पोतं अंथरून बसले. मोठा माल एकीकडं, गोलटी एकीकडं, चिंगळी वेगळी, दुभाळका बाजूला. त्यांच्या हाताला जी निवड होती ती घरात दुसऱ्या कुणाला नव्हती. सून म्हणाली, "आबा, तुम्ही नसता तर चाळीत सडका माल गेला असता." त्या दिवशी दिवे लागले तरी आबा चाळीपाशीच होते, कांद्याच्या भावाचं बोलत.

भाद्रपदात व्याही रांजणगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन मुक्कामाला आले. चाळीतला कांदा विक्रीला काढला होता, आणि आबा गड्याच्या बरोबरीनं भरलेली गोणी टेम्पोला लावत होते. "बघा पाव्हणं, नवं इंजिन!"

व्याह्यांना बरं वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, खिशातून गोळ्यांची डबी काढली. "तुमच्याबी काढा, संगट घेऊ."

आबांनी हात झटकला. "म्या दोन महिनं झालं बंद केल्यात. त्रासच न्हाय काही, मग कशाला दर महिन्याला पैसं घालायचं?" सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पुडीही डोकावत होती.

व्याही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या दौंडात कॉर्ड लाईन झाली, म्हाईत हाय ना? पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन आधी दौंडात काढून दुसऱ्या टोकाला लावाय लागायचं. आता गाडी जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर वळती. तेबी बायपासच. नवाकोरा रूळ. पण पहिली गाडी गेली त्या दिवसापासनं चावीवाला त्या रुळावरनं चालतोय. रूळ जुना व्हायची वाट कुणी बघत न्हाय. तुमच्या आतला जुना रूळ ज्या गंजानं खाल्ला, त्यो गंज अजून अंगातच हाय, पाव्हणं. डॉक्टरनी रूळ नवा टाकला, गंज न्हाय काढला."

हे त्यांचं बोलणं वैद्यकाच्या हिशोबालाही धरून आहे. छातीतली धमनी जोडली असेल तर दहा वर्षांनीही दहांतल्या सुमारे नऊ जणांत ती वाहती असते. पण पायातून घेतलेल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या तेवढ्या काळात बंद पडतात किंवा खराब होतात. रक्त गोठू न देणारी गोळी, चरबीची गोळी, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, हे सगळं त्या शिरांसाठी असतं. अंगाला बरं वाटतंय ते टिकायला या गोळ्या लागतात, हे रुग्णाला समजावून सांगायला कुणाला तरी निवांत बसावं लागतं. ते काम बहुतेक वेळा राहून जातं, आणि मग माणूस बरा झालो म्हणून गोळी सोडतो.

आबा गप्प झाले. व्याह्यांनी त्यांच्या थोरल्याकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, गालात गुटखा धरून. "याचं वय काय?"

"अडतीस."

"रक्त तपासलंय कधी?"

कुणी उत्तर दिलं नाही. आबांनी पुडी काढून व्याह्यांच्या हातात दिली, आणि मुलाकडं वळून म्हणाले, "थुकून ये आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही उपाशीपोटी शिरूरला गेले. लॅबमधल्या मुलीनं चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "पेशंट कोण?"

"दोघांची नावं लिही, बाई," आबा म्हणाले. "आन् ह्याचं आधी घे. कधी घेतलेलंच न्हाय."