बाण कोठें पडला?

पाठ : १ शमुवेल २०:१८-४०, २ राजे ६:१-७



शौल राजाचा पुत्र योनाथान व त्याचा मित्र दावीद यांची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. राजाचा कोप दाविदावर पेटला होता आणि दावीद एजेल नांवाच्या शिळेजवळ लपून बसला होता. योनाथान एका पोरास बरोबर घेऊन रानांत गेला. त्यानें पोरास पुढें धांवावयास सांगितलें आणि तो धांवत असतां त्याच्या पलीकडे बाण सोडिला. बाण अलीकडे आहे असें योनाथानानें म्हटलें तर दाविदानें निर्भयपणें यावें, आणि पलीकडे आहे असें म्हटलें तर निघून जावें, असा दोघांचा संकेत होता. पोरास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्यानें बाण गोळा केले व धन्याजवळ आणून दिले.

या पाठावरून मैत्रीविषयीं पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि ते योग्यच आहेत. परंतु आज आपण बाणांकडे व ते वेंचणाऱ्या त्या पोराकडे पाहूं. योनाथानानें बाण सोडण्यापूर्वींच तो परत आणण्याची तजवीज केली होती. ठिकाणाची खूण म्हणून मोठी शिळा होती. वेंचावयास पोर होता. आणि बाण कोठें पडला हें ओरडून सांगावयास धनी स्वतः उभा होता. यावरून आपण एकच गोष्ट शिकावी. हरवलेलें शोधण्याचें काम तें हरवल्यानंतर सुरू होत नसतें. तें हातांतून सुटण्यापूर्वींच सुरू व्हावें लागतें.

आमच्या खानदेशांतील मंडळ्यांस ही गोष्ट समजावयास मोठ्या टीकाग्रंथांची गरज नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून तिरकमठा कोणास ठाऊक नाहीं? बांबूचें धनुष्य, बांबूच्याच सालीची दोरी, टोंकास लोखंडाचें पातें आणि शेंपटास पिसें. रानांत शिकार करण्याचा काळ आतां गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीस बंदी झाली आहे, आणि ती आपण मनापासून पाळावी. परंतु निशाणावर बाण मारण्याची विद्या खेळाच्या मैदानांत चालूं आहे, आणि ज्यानें ती शिकली त्यास विचारा. तो म्हणेल, बाण मारावयास एक क्षण लागतो, शोधावयास अर्धा दिवस जातो.

असें कां होतें? चुकलेला बाण नेहमीं जमिनींत उभा रुतून राहत नाहीं. तो सपाट येतो, गवताच्या बुडख्यांशीं सरपटत जातो आणि आडवा पडून राहतो. वरून गवत जसेंच्या तसें दिसतें. शोधणारा त्यावरच पाय देऊन पुढें जातो. म्हणून जाणते तिरंदाज चार गोष्टी संभाळतात, आणि त्या चारहि आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट, खूण. दिवाळीनंतर माळावरचें गवत पिवळें पडतें. त्यांत पिवळें पीस लपतें. हिरव्या गवतांत हिरवें पीस लपतें. म्हणून जेथें बाण मारावयाचा तेथील जमिनीहून निराळा रंग पिसांस व शेंपटाजवळच्या पट्ट्यांस देतात. तांबडा रंग दिवसा उठून दिसतो, पण दिवस मावळूं लागला म्हणजे तो लवकर काळवंडतो. पांढरा अधिक वेळ दिसतो. परदेशांत तर बाणाच्या शेंपटांत इवलासा दिवा बसवितात. दोरी सुटतांच तो पेटतो. शास्त्रांत एका स्तोत्रकर्त्यानें तरुणपणच्या मुलांस वीराच्या हातांतील बाणांची उपमा दिली आहे. आईबापांनो, हे बाण तुम्ही वसतिगृहांत, कारखान्यांत, सुरतेस, पुण्यास सोडितां. त्यांवर कोणती खूण केली आहे? जेवणापूर्वींची प्रार्थना, पाठ असलेलें एखादें वचन, दारूच्या पेल्यास नाहीं म्हणण्याची संवय, ही ती खूण होय. जो भोंवतालच्या रंगासारखाच झाला, तो डोळ्यांसमोर असूनहि सांपडत नाहीं.

दुसरी गोष्ट, ठिकाण. शहाणा तिरंदाज बाण सुटल्याबरोबर धांवत नाहीं. जेथून मारिला तेथें तो एक काठी रोंवितो. बाण ज्या दिशेस गेला त्या दिशेचें एखादें झाड किंवा दगड धरून ठेवितो, त्यावरची नजर काढीत नाहीं, आणि सरळ रेषेंत चालत जातो. अलीशाच्या शिष्यांपैकीं एकाच्या कुऱ्हाडीचें पातें यार्देन नदींत पडलें. कुऱ्हाड उसनी आणलेली होती, म्हणून तो रडकुंडीस आला. देवाच्या माणसानें आधीं काय केलें? तें कोठें पडलें, हें विचारिलें. आणि त्या मनुष्यास तें ठिकाण दाखवितां आलें. ठिकाण ठाऊक होतें, मग चमत्कार झाला.

येथें आमच्या हातून झालेली चूक सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीनंतर मंडळींतील एक जोडपें गुजरातेंत ऊसतोडीस निघालें. आम्हीं प्रार्थना केली, आशीर्वाद दिला, गाडी सुटेपर्यंत उभे राहिलों. परंतु कोणत्या गांवीं जातां, मुकादम कोण, हें विचारलें नाहीं. माघ महिन्यांत त्या बाईची सासू आमच्या ओट्यावर येऊन बसली. "पाळकसाहेब, नातू लई आजारी आहे असा निरोप आला. माझ्या पोराचा फोन लागत नाहीं. ते कुठें आहेत तें तुम्हांला ठावं असंल," ती म्हणाली. आम्हांस ठाऊक नव्हतें. तीन दिवस पाड्यापाड्यांतून विचारीत फिरलों, तेव्हां दुसऱ्या टोळींतल्या एका माणसाकडून पत्ता लागला. आम्ही त्या फडावर पोहोंचलों तों लेंकरास माती देऊन दोन दिवस झाले होते. बापानें आम्हांस दोष दिला नाहीं. त्यानें प्यावयास पाणी दिलें, आणि उसाच्या बांधापलीकडे नेऊन म्हणाला, "येथें प्रार्थना करायला कोणी नव्हतं, तेवढी करा." बंधूंनो, ती प्रार्थना आम्हीं केली, पण आमचा आवाज निघेना.

तिसरी गोष्ट, शोध. बाण शोधणारे एकमेकांच्या पाठीमागें चालत नाहींत. ओळीनें, शेजारींशेजारीं चालतात, म्हणजे मधली जागा सुटत नाहीं. हातांतील काठी गवतांत आडवी फिरवितात, म्हणजे खालीं लपलेला बाण तिला अडतो. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत ते गुडघे टेंकून पाहतात. कारण उभ्यानें जें दिसत नाहीं तें वांकल्यानें दिसतें. लूकाच्या शुभवर्तमानांतील त्या बाईनेंहि एका नाण्यासाठीं दिवा लाविला, घर झाडिलें आणि सांपडेपर्यंत शोध केला. तो आमचा मनुष्य आतां उपासनेस येत नाहीं, एवढें बोलून स्वस्थ बसणें म्हणजे शोधणें नव्हे. हें काम एकट्या पाळकाचें किंवा उपदेशकाचेंहि नव्हे. सर्व मंडळीनें ओळीनें चालावें. आणि ज्यास शोधावयाचें त्याच्या झोंपडींत वांकून शिरावें. ओट्यावर उभें राहून हांक मारूं नये.

चौथी गोष्ट, दोरी. भिल्लांच्या जुन्या वर्णनांत मासे मारण्याच्या एका बाणाची हकीगत आहे. त्याचें पातें काठीस घट्ट बसविलेलें नसे. दोघांस एक लांब दोरी जोडलेली असे. मासा लागला म्हणजे पातें त्याच्या अंगांत राहून काठींतून निसटे, आणि काठी पाण्यावर तरंगत राही. मासा कितीहि खोल गेला तरी तो कोठें आहे हें ती तरंगणारी काठी दाखवी. ज्या कोणीं हा बाण प्रथम केला, त्यानें नेम धरण्यापूर्वींच शोधण्याचा विचार केला होता. यार्देनेंत लोखंड वर आलें तो देवाचा चमत्कार. पण दोरी बांधणें हें आमच्या हातचें काम आहे. ती दोरी बाणास उडूं देते, मात्र तुटूं देत नाहीं. रोजची नांव घेऊन केलेली प्रार्थना, आठवड्यास एक फोन, सणास एक भेट, या त्या दोरीचे पदर होत.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या दिवाळीपूर्वीं प्रत्येक मंडळीनें एक वही करावी. जो कोणी बाहेरगांवीं जाईल त्याचें नांव, गांव, मुकादमाचें नांव व फोनचा आंकडा तींत लिहावा. त्याच्यासाठीं प्रार्थना कोण करील आणि त्याला भेटावयास कोण जाईल, हेंहि त्याच पानावर लिहावें. वहीस थोडे पैसे पडतील. ती नसली तर काय किंमत पडते हें आम्हीं उसाच्या बांधावर पाहिलें आहे.

आणि ज्यास वाटतें कीं आपणच गवतांत पडलों, आपणांस कोणी शोधीत नाहीं, त्यानें धीर सोडूं नये. मनुष्याचा पुत्र हरवलेल्यांस शोधावयास व तारावयास आला. त्याची नजर तुमच्या ठिकाणावरून हाललेली नाहीं.

हे प्रभो, ज्यांस आम्हीं आमच्या हातांनीं दूर पाठविलें त्यांस तूं पाहत आहेस. आमचे डोळे उघड, आमचे गुडघे वांकव, आणि ते सांपडेपर्यंत आम्हांस परत फिरूं देऊं नको. आमेन.