वैमानिकाला दिसलेला चेहरा

शत्रूचा चेहरा दिसणे हा शाप मानावा की कृपा? जपानी नौदलाचे लढाऊ वैमानिक कानामे हारादा यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मनात घर करून राहतो.

१९१६ साली नागानो प्रांतात जन्मलेले हारादा ‘झीरो’ हे हलके, चपळ विमान चालवीत. पर्ल हार्बरच्या वेळी त्यांच्याकडे स्वतःच्या आरमारावर पहारा ठेवण्याचे काम होते. ५ एप्रिल १९४२ रोजी मात्र ते कोलंबोच्या आकाशात लढले. तो ईस्टरचा रविवार होता! पुढे जूनमध्ये मिडवेला त्यांच्या विमानवाहू नौका बुडाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ग्वादलकनालला ते स्वतः जबर जखमी झाले.

अशा हवाई झुंजीत विमान अगदी जवळ न्यावे लागे. समोरच्या तरुणाच्या मुद्रेवरील भीती हारादांना स्पष्ट दिसे. त्या माणसांबद्दल आपल्याला ना द्वेष होता ना त्यांची ओळख, असे ते उतारवयात सांगत. युद्ध संपले तरी तेच चेहरे कित्येक वर्षे त्यांच्या स्वप्नांत येत राहिले.

कायद्याने पाहिले तर सैनिकाने सैनिकाला मारले, तेही वरिष्ठांच्या आज्ञेने. मग टोचणी कशाची? हा केवळ मनावरचा आघात, वैद्याचा विषय, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आघात झालेला माणूस स्वतःवर गुदरलेले आठवतो. हारादांना आठवे ते आपल्या हातून दुसऱ्यावर गुदरलेले. आणि उंचावरून नगरावर बॉम्ब टाकणारा? त्याला चेहरा दिसत नाही. त्यामुळे त्याची जबाबदारी उणी होत नाही, फक्त झोप गाढ लागते.

१९६० च्या दशकात हारादांनी नागानोत बालवाडी काढली; त्यानंतर ती स्वप्ने थांबली. यास प्रायश्चित्त म्हणावे काय? ज्यांचे प्राण घेतले त्यांना काहीच परत देता येत नाही, आणि क्षमा करायला ते उरलेले नाहीत. एकाचे देणे दुसऱ्याच्या पोराबाळांना देऊन फिटते, असा हिशेब मांडणे मला धाडसाचे वाटते. कदाचित फेडण्याचा तो प्रयत्नच नसावा. चेहरे पाहण्याची सवय जडलेल्या माणसाने या खेपेस जिवंत, हसरे चेहरे निवडले, इतकेच.

१९९१ च्या आखाती युद्धातील बॉम्बवर्षाव तरुणांना पडद्यावरच्या खेळासारखा वाटतो, हे ऐकून हारादा अस्वस्थ झाले. आजवर पोटात ठेवलेले ते चारचौघांत सांगू लागले, आणि २०१६ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी निधन पावले.