उरलेल्या थ्रेड्सचे प्रारब्ध

सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली, लॉगमध्ये तशी नोंदही उमटली, तरी प्रोसेस जिवंतच राहते. डीमन नसलेला एक जरी थ्रेड चालू असला, तरी जावाचे जेव्हीएम आपणहून संपत नाही. थांबायचे ठरले म्हणजे थांबले असे होते का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

वेदान्ताला तो जुनाच आहे: ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचा देह का टिकतो? ज्ञानाने साठलेले कर्म, म्हणजे संचित, जळते; नव्याने घडणारे क्रियमाण चिकटत नाही. पण फळ द्यायला लागलेले प्रारब्ध भोगूनच संपते. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात. एकदा फिरवलेले चाक वेग ओसरेपर्यंत फिरतच राहते.

थ्रेड्सना कामे वाटणाऱ्या जावाच्या एक्झिक्युटरमध्ये ही विभागणी जशीच्या तशी भेटते. 'शटडाउन' म्हटले की नवी कामे घेणे बंद होते. 'शटडाउन नाऊ' रांगेतली, अजून सुरूच न झालेली कामे परत करते. चालू कामाला मात्र फक्त इंटरप्टचा इशारा मिळतो. तो मानायचा की नाही, हे त्या कामाच्या कोडवर असते.

थ्रेड बळाने थांबवणारी 'स्टॉप' ही सोय जावात होती. तिने थ्रेड मारला की त्याने धरलेली लॉक सुटत. एका खात्यातून रक्कम वजा झालेली, दुसऱ्यात जमा व्हायची बाकी, आणि लॉक मोकळे: हा अर्धवट डेटा दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडे. १९९८च्या १.२ आवृत्तीपासून ती वापरू नये असे ठरले. २०२३च्या विसाव्या आवृत्तीत ती निकामीच झाली. हा निर्णय योग्यच होता.

साम्य इथे संपते. प्रारब्धाला शेवट ठरलेला असतो, थ्रेडला नसतो. साध्या सॉकेटवर वाचत अडकलेला नेहमीचा थ्रेड इंटरप्टने हलत नाही. जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप काढला की तो नेमका कोणत्या ओळीवर थबकला आहे ते दिसते. 'पूल-१-थ्रेड-१' असे नाव दिसले, तर निर्माण करणाऱ्याने त्याला नावही दिले नव्हते, आणि मालक शोधण्यात वेळ जातो. सॉकेट दुसऱ्या थ्रेडमधून बंद केले की वाचन एक्सेप्शन देऊन सुटते. वाचनाला आधीच टाइमआउट दिलेला असेल तर ही वेळ येत नाही. सगळे थ्रेड डीमन करून टाकणे ही पळवाट आहे. जेव्हीएम त्यांच्यासाठी थांबत नाही, त्यांचे 'फायनली'मधले आवराआवरीचे कोडही चालेल याची खात्री नसते, आणि फाइल अर्धी लिहिलेली राहू शकते.