उथळ पाण्याचें गणित

उथळ पाण्याला खळखळाट फार, या म्हणींत ‘उथळ’ हा शब्द निंदेचा आहे. गणितशास्त्रानें मात्र तोच शब्द उचलून त्याला प्रतिष्ठा दिली. पाण्याच्या खोलीच्या मानानें लाटेची लांबी पुष्कळ मोठी असली, कीं तें पाणी त्या लाटेपुरतें उथळ, एवढाच तेथें अर्थ. गुलमंडीवर, सुपारी मारुतीच्या आसपास, आषाढांतली जोराची सर कोसळल्यावर रस्त्यानें वाहणारें पाणी उथळ, हें कोणीही कबूल करील. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्र्याकडून निघालेल्या त्सुनामीच्या दृष्टीनें चार किलोमीटर खोलीचा हिंदी महासागरही उथळच होता. दोहोंना नियम एकच : लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वाकर्षण व खोली यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ. दहा सेंटिमीटर पाण्यांत तो सेकंदास सुमारें एक मीटर, म्हणजे सायंकाळीं फिरावयास निघालेल्या गृहस्थाच्या चालीइतका. चार किलोमीटर खोलींत ताशीं सुमारें सातशें किलोमीटर.

हा नियम ज्या समीकरणांतून निघतो तीं फ्रेंच इंजिनियर सँ-व्हनाँ यानें १८७१ सालीं मांडलीं. एक सांगतें कीं पाणी नाहींसें होत नाहीं. दुसरें सांगतें कीं गति बदलावयाची तर बळ लागतें. यांत नवें कांहींच नाहीं. जें नवें आहे तें वगळण्यांत आहे. पाण्याचें वर-खालीं होणारें त्वरण सोडून दिलें. तळाचें पाणी व पृष्ठभागाचें पाणी एकाच वेगानें जातें असें धरलें. हें खरें नाहीं, आणि खरें नाहीं हें सँ-व्हनाँला पूर्णपणें ठाऊक होतें. मग जाणूनबुजून कांहीं सत्य बाजूला सारून मिळविलेल्या ज्ञानाला प्रामाणिक म्हणतां येईल काय?

कोणी म्हणेल, असल्या ज्ञानाची गरजच काय? मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. पुढें तिचें औरंगाबाद झालें व २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर. त्या शहराला नहरीनें पाणी आणतांना त्याच्या कारागिरांजवळ यांतलें एकही समीकरण नव्हतें. गोष्ट खरी आहे. परंतु नित्य वाहणाऱ्या पाण्याला पिढ्यांचा अनुभव पुरतो. जें पूर्वीं कोणी पाहिलेंच नाहीं, त्याविषयीं अनुभव मुका असतो.

आमचें मत असें, कीं वगळणें हा दोष नव्हे. वगळलेलें लपविणें हा दोष होय. साक्षीदारानें अर्धी हकीकत गिळली तर तो खोटा ठरतो, पण नकाशांत झाडें काढलीं नाहींत म्हणून नकाशा खोटा ठरत नाहीं. कारण झाडें शोधण्यासाठीं कोणी तो उघडीत नाहीं, आणि किती लांबीला किती अंतर हें त्याच्या कोपऱ्यांत लिहिलेलें असतें. तथापि या उपमेवर फार भार टाकतां येत नाहीं. नकाशा आपल्या मर्यादेबाहेर जात नाहीं. हीं समीकरणें स्वतःच तेथें जाऊन पोचतात. उंच लाट खोल पाण्यांत असल्यामुळें आपल्यापुढच्या सखल लाटेहून वेगानें धांवते, तिला गांठते, आणि शेवटीं पाण्याची उभी भिंत तयार होते. या भिंतीपाशीं समीकरणाला एक सोडून अनेक उत्तरें येतात. त्यांतलें कोणतें घ्यावें? गणिती सांगतात, ज्यांत भिंत ओलांडतांना ऊर्जा खर्च होते तें घ्या. जेथें ऊर्जा फुकट वाढते तें टाका. हा न्याय बाहेरून आणावा लागतो. एका दिशेच्या प्रवाहांत तो पुरतो. परंतु पाणी रुंद पसरूं लागलें कीं तोही कित्येकदां अपुरा पडतो, हें दे लेलिस व सेकेलीहिदी या गणितज्ञांनीं २०१० सालीं दाखविलें : ऊर्जेची अट पाळूनही एकाच आरंभापासून अनंत उत्तरें निघूं शकतात. तेव्हां ‘गणितानें असें सांगितलें’ या वाक्यामागें पुष्कळदां कोणा तरी मनुष्याची निवड उभी असते.

रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९२ सालींच धरण एकाएकीं नाहींसें झालें तर काय होईल याचें उत्तर काढलें होतें. पाणी तीस मीटर असेल तर धरणाच्या जागीं त्याची खोली एकदम मूळच्या चार-नवमांश, म्हणजे तेरा मीटरवर येते, आणि पुढची धार सेकंदास चौंतीस मीटर वेगानें सुटते. त्यांत तळ सपाट, कोरडा व घर्षणरहित धरला आहे; खरी धार याहून मंद. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेत फुटलें, मागोमाग खडकवासलें गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. जलशास्त्राच्या संशोधनासाठीं मुंबई इलाख्यानें १९१६ सालीं काढलेली संस्था त्याच खडकवासल्याला आहे. ज्ञान नव्हतें असें म्हणण्यास जागा नाहीं. पाणी पुण्यास पोचावयास कांहीं तास लागले. तेवढ्यांत वार्ता मात्र सर्व घरीं पोचली नाहीं. उथळ पाण्याच्या गणितांत एक विलक्षण सिद्धांत आहे : प्रवाह लाटेच्या वेगाहून वेगवान झाला, कीं खालच्या अडथळ्याची वार्ता वर जाऊंच शकत नाहीं. मनुष्यांच्या व्यवहारांत मात्र खालच्या माणसाची हांक वर न जाण्यास पाण्याच्या नियमाचें निमित्त सांगतां येत नाहीं.

आज महाराष्ट्रांत नदीच्या नकाशावर दोन रेषा आंखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची. रेषा पेनच्या टोंकाइतकी बारीक असते. निळ्या रेषेच्या अलीकडे घर बांधण्यास मनाई, दहा हात पलीकडे गेलें कीं नियम सैल होतो. आणि ती रेषा तळाचें घर्षण किती धरून काढली, तें थोडें अधिक धरलें असतें तर ती कोणाच्या अंगणांतून गेली असती, हें त्या नकाशाच्या कोपऱ्यांत लिहावयास फार तर दोन ओळी लागतील.